वहिनींचा ‘ई’ आणि दोन बाटल्या पाणी

“सोनोग्राफी ना? मग माझ्यावर सोड!” दादा म्हणाले, आणि वहिनींनी कपाळावर हात मारला.

गल्ली ज्यांना दादा म्हणते ते हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना आयुष्यात एकदाच मुतखडा झाला होता, पण तेवढ्या भांडवलावर ते सोनोग्राफीतले जाणकार होऊन बसले होते. आता त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, थायरॉइडला लिंबाएवढी गाठ आली होती आणि ती काढायची होती. वहिनी फुलबाजारात लिलाव पुकारतात. त्यांचा आवाज गेला, तर घर बसलंच म्हणायचं!

सर्जनांनी नीट समजावलं होतं. “आवाजाची नस थायरॉइडच्या मागूनच जाते. म्हणून ऑपरेशनआधी दोन्ही स्वरतंतू हलतात ना, ते बघायचं. गळ्यावरून सोनोग्राफीत दिसले, तर उत्तम. नाहीतर नाकातून बारीक नळी घालून बघू.”

“नाकात नळी घालणार असाल, तर गाठ राहू दे माझ्यापाशी!” वहिनींनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

वहिनींचं ‘नाही’ म्हणजे नाही, हे दादांना लग्नापासून ठाऊक होतं. गाठ वाढत गेली तर काय, या काळजीने त्यांची झोप उडाली. सोनोग्राफी फसून चालणारच नव्हतं. म्हणून त्या सकाळी त्यांनी पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या टेबलावर आणून ठेवल्या.

“अहो, सोनोग्राफी गळ्याची आहे!”

“सोनोग्राफी ती सोनोग्राफी. भरपूर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. नाहीतर त्या मशीनला काही दिसत नाही. मला डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं!”

“पण तुमचं दुखणं कुठं होतं...”

“तू पी गं. हे बघ, सोबत म्हणून मीही पितो!”

दवाखान्यात नेमकी आधी एक तातडीची केस आली. वहिनी पाय आवळून बसल्या. शेजारच्या बाईंनी काय होतंय विचारलं, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. दादांनाही घाम फुटला होता. त्यात कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. तो आवाज सहन होईना, तेव्हा दादांनी उठून तोटी अशी पिळली, की ती हातातच आली! धो धो धार लागली. वहिनींनी डोळे गच्च मिटून घेतले.

शेवटी आतून हाक आली आणि दोघंही आत गेले. डॉक्टरीणबाईंनी वहिनींच्या गळ्याला गार जेल लावलं आणि वर मशीनचा दांडा टेकवला. “शांत श्वास घ्या.”

वहिनींनी घेतला, आणि सोडलाच नाही!

“सोडा आता. बरं, ‘ई’ म्हणा.”

उंदराच्या पिल्लाने म्हणावं तसं काहीतरी ऐकू आलं.

“काका, यांचा आवाज रोज असाच असतो?”

“छे हो! अख्खा बाजार गप्प होतो!” दादा घाबरून पुढे सरसावले.

“स्वरतंतू घट्ट मिटलेत, उघडतच नाहीत. असं काही कळायचं नाही. नळीच घालावी लागेल.”

“अगं, श्वास सोड ना!” दादा रडकुंडीला आले.

“श्वास सोडला, तर बाकीचंही सुटेल!” वहिनी दातओठ आवळून कुजबुजल्या. “डॉक्टर, आधी मला बाथरूमला जाऊ द्या. दोघांनी मिळून दोन बाटल्या पाणी प्यायलोय!”

“पाणी? गळ्याच्या सोनोग्राफीला? कोणी सांगितलं तुम्हाला?”

वहिनी उत्तर द्यायला थांबल्याच नाहीत. डॉक्टरीणबाईंची नजर दादांवर येऊन स्थिरावली.

“तुमचीही सोनोग्राफी आहे?”

“नाही. सोबत म्हणून.”

वहिनी परतल्या, आडव्या झाल्या, शांत श्वास घेतला, सोडला आणि ‘ई’ म्हणाल्या. बाहेर बाकावर पेंगणारे दोन पेशंट उठून उभे राहिले! पडद्यावर दोन रेघा कात्रीच्या पात्यांसारख्या मिटल्या आणि उघडल्या.

“दोन्ही छान हलताहेत. नळीची गरज नाही.”

दादांचे डोळे भरून आले. वहिनींचा हात हातात घ्यावा, असं त्यांना फार वाटलं. पण ते त्याच पावली बाहेर पळाले. त्यांचीही आता हद्द झाली होती.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलेल्या वहिनींच्या खाटेशी दादा जीव मुठीत धरून उभे होते. “काहीतरी बोला बघू,” सर्जन म्हणाले. वहिनींनी डोळे उघडले, दादांना नीट ओळखलं आणि जराशा घोगऱ्या, पण वॉर्डभर पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

“अहो, पाणी द्या. एक चमचा. एकच!”