सेतुमाधवराव छताकडे बघतात

सेतुमाधवराव कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघतात. माणसांची पाळी नंतर. घरातली बाई हात जोडून समोर उभी असो, की कुणी वाकून नमस्कार करत असो, यांची मान वर. आम्ही चेन्नईतल्या नंगनल्लूरच्या या फ्लॅटमध्ये सामान लावत होतो त्या संध्याकाळी ते असेच दारात येऊन उभे राहिले. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि नजर थेट वर. मला वाटलं, वरच्या मजल्यावरून गळतंय. मी वर बघितलं. माझ्या नवऱ्यानं, नितीननं, मिक्सर पोटाशी धरून वर बघितलं. गळत काही नव्हतं.

"साडेसहा हजार," ते गंभीरपणे म्हणाले.

"नाही हो काका, भाडं बरंच जास्त आहे," मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्यांनी आमच्याकडे बघितलं. "भाडें नव्हे, कण्णु. मी उजेडाची गोष्ट करतों."

त्यांचं मराठी तंजावरकडचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात सांभाळलेलं, पोथीतून उठून आल्यासारखं, आणि त्यावर तमिळ हेल. कण्णु म्हणजे बाळ, हे मला नंतर कळलं. मी सातारची. परक्या शहरात शेजारी मराठी निघाला म्हणून खरं तर मला भरून यायला हवं होतं. पण सवडच मिळाली नाही. तोवर ते आमच्याच स्टुलावर चढून आमचाच बल्ब काढत होते.

एलईडी बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा एक आकडा छापलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. आकडा लहान असला की उजेड पिवळसर, मऊ. वाढत गेला की पांढरा, मग निळसर. साडेसहा हजार म्हणजे पांढराफटक. आमच्या घरमालकानं सगळ्या घरभर तोच लावून ठेवला होता.

"हें घर नव्हे, हें पोलिस ठाणें," स्टुलावरून निकाल आला. "ह्या उजेडांत नवरा-बायको बोलूं लागले तर जबाब दिल्यासारखें वाटतें." पिशवीतून त्यांनी दुसरा बल्ब काढून लावला आणि खोलीचा रंग बदलला. मी केलेले पोहे त्या घरात पहिल्यांदाच पिवळे दिसले. पण ते मी कबूल केलं नाही. आल्या दिवशीच कुणी आपल्या घरात शिरून आपल्याला शहाणपण शिकवावं, हे सातारच्या माणसाला सोसत नाही. पांढरा बल्ब मी कपाटात ठेवला आणि ठरवलं, रविवारी परत लावायचा. असे बरेच रविवार आले आणि गेले. स्टूल कोण काढणार?

सेतुमाधवराव काही इलेक्ट्रिशियन नव्हेत. सगळी नोकरी बँकेत झाली. पण आमच्या बिल्डिंगमधलं एकही छत त्यांच्या तपासणीतून सुटलेलं नाही. "सुम्मा आलों," म्हणत ते येतात. सुम्मा म्हणजे सहज, काही काम नाही. हे म्हणताना त्यांच्या पिशवीत दोन बल्ब आणि एक टेस्टर असतो.

तपासणीची रीत ठरलेली. आधी तळहात दिव्याखाली धरून सावली किती कडक पडते ते बघायचं. मग मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरायचा. हलक्या प्रतीचा एलईडी असला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपल्या डोळ्यांना दिवा स्थिर वाटतो, प्रत्यक्षात तो लुकलुकत असतो. पट्टे दिसले की सेतुमाधवराव रुग्णाच्या नातेवाइकांकडे बघावं तसे घरच्यांकडे बघतात. समोरच्या दुकानातला अन्वर तर त्यांना लांबून बघूनच बल्बांची एक वेगळी पेटी पुढे सरकवतो. "राव सार, यात पट्टे नाहीत, मी बघितलंय," असं तो तमिळमध्ये शपथेवर सांगतो. तरी हे एकेक लावून बघतातच, आणि मागची गिऱ्हाइकं ताटकळतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या दिनेशनं टीव्हीच्या मागे रंग बदलणारी एलईडी पट्टी चिकटवली. जांभळी, गुलाबी, मग हिरवी. सेतुमाधवराव ती बघून आले आणि जिन्यातच बसले. मी विचारलं, काय झालं काका?

"कांहीं नाहीं. लग्नाच्या कल्याण मंडपांत आइस्क्रीम देतात तो कोपरा आहे ना, तिथें जाऊन आलों."

लोकांना वाटे, यांना विजेच्या बचतीचं वेड आहे. तसं ते बोलतही. "नऊ वॅट फक्त, करंट किती वाचतो पाहा," हे त्यांचं पहिलं वाक्य असे. एकदा मी म्हटलं, काका, बिलाची एवढी काळजी? ते म्हणाले, "बिलाची काळजी त्यांस आहे. मला उजेडाची. गूळ दाखवल्यावांचून कोण येतें?"

दुसऱ्याच्या बेडरूमचं छतही तपासणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराचं छत मात्र आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. ते आमच्या समोरच राहतात. त्यांचं दार नेहमी हातभर उघडं आणि त्या हातभर जागेत ते स्वतः उभे. काकू आहेत एवढं माहीत होतं. अंबुजाबाई. त्या बाहेर पडत नाहीत, त्यांना बरं नसतं, एवढंच कळायचं. संध्याकाळ झाली की आत कुणीतरी जोरात बोलल्याचा आवाज येई. मी सिरुसेरीच्या ऑफिसातून कंपनीच्या बसनं दमून आलेली असायची. मोठ्या आवाजातला टीव्ही असेल म्हणून सोडून द्यायची.

मग नवरात्र आलं. इकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि रोज संध्याकाळी बायका एकमेकींकडे जातात, गाणं म्हणतात, सुंडल म्हणजे हरभऱ्याची नारळ घातलेली उसळ खातात आणि विडा-कुंकू घेऊन परततात. पहिल्या वर्षी मी सगळीकडे जाऊन खाऊन आले होते. दुसऱ्या वर्षी म्हटलं, आपणही मांडू. मैलापूरच्या रस्त्यावरून बाहुल्या आणल्या, पुस्तकांच्या पायऱ्या केल्या, वर साडी पसरली. नितीनला कारखान्याची सुट्टी होती. त्यानं उत्साहानं लुकलुकणाऱ्या एलईडी माळा आणल्या आणि पहिल्या पायरीपासून पडद्याच्या दांडीपर्यंत लावल्या. आठ तऱ्हांनी लुकलुकायच्या. तो एकेक तऱ्हा लावून मला दाखवत होता आणि स्वतःच खूश होत होता.

सेतुमाधवराव आले. छताकडे बघितलं, मान हलवली, आमचा तोच पिवळा बल्ब. मग माळांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ह्या काढा," ते म्हणाले.

"अहो काका, सणाचं आहे. राहू देत."

"काढा कण्णु. माझें ऐका."

माझं डोकं फिरलं. आदल्या रात्री दोनपर्यंत ऑफिसचं काम, सकाळपासून पायऱ्या. मी म्हणाले, "काका, घर आमचं आहे. आम्हाला हवं ते आम्ही लावू. तुम्ही सगळ्या बिल्डिंगला शिकवता, पण आम्ही काही तुमचे बँकेतले कारकून नाही."

नितीननं माझ्याकडे डोळे वटारले, पण बाण सुटला होता.  सेतुमाधवरावांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग खाली बघून, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या घरात खाली बघून, म्हणाले, "तिला तुमच्याकडे आणायचें मनांत होतें."

मग ते बसले आणि सांगितलं. अंबुजाबाईंना हळूहळू सगळ्याचा विसर पडत चालला होता. दिवसा निभावून जाई. दिवेलागण झाली की त्या घाबरत. टेबलाखालची सावली त्यांना विहीर वाटे. पांढऱ्या दिव्यात भिंतीवर पडलेली स्वतःचीच सावली बघून त्या विचारत, ही कोण आलीय? "घरीं चला, तंजावरास चला," म्हणून ओरडत. हा तो टीव्ही.

"पूर्वी नवरात्रांत ती घरांत सांपडायची नाहीं," ते म्हणाले. "दहा ठिकाणीं जायची. लोकांच्या बाहुल्या चुकीच्या मांडल्या म्हणून सांगायची, भांडायची. तीन वर्षांमागें एके ठिकाणीं नेली. अशाच माळा होत्या. ती इतकी ओरडली, तबक उडवून दिलें. त्या लोकांनीं कांहीं म्हटलें नाहीं, चांगले लोक. पण पुन्हां कोणी बोलावलें नाहीं. आमच्या बाहुल्याही मी पुतणीस देऊन टाकल्या. सांवलीला भिते ना."

"म्हणून तुम्ही सगळ्यांचे बल्ब..."

"घरांतला उजेड ठीक केला, घरांत थोडी शांत झाली. वाटलें, एखादें तरी दुसरें घर ठीक करावें, तिथें न्यावी. पण लोक दोन दिवसांत परत पांढरा लावतात. तुमच्याच घरीं राहिला."

आमच्या घरी तो राहिला होता माझ्या आळसामुळे. हे मी त्यांना सांगितलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला की मीच खुर्चीवर चढून माळा ओढून काढल्या. एक पडद्यात अडकली, ती नितीननं सोडवली.

मग तासभर ते आणि नितीन खोली लावत होते. पायऱ्यांच्या मागे एक छोटा दिवा ठेवला, म्हणजे बाहुल्यांची सावली भिंतीवर पडू नये. टेबल आतल्या खोलीत गेलं. आरसा झाकला. शेवटी सेतुमाधवरावांनी फिरणाऱ्या पंख्याकडे बोट केलं. त्याची पाती दिव्याच्या उजेडातून जातात आणि खोलीभर लुकलुक होते. पंखा बंद. चेन्नईत, नवरात्रात, पंखा बंद. आम्ही नुसते बसल्या जागी भिजत होतो.

अंधार पडायच्या आत ते अंबुजाबाईंना घेऊन आले. ठेंगणी बाई, रेशमी साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा. गजरा थोडा वाकडा होता, त्यावरून तो कुणी माळला असेल ते कळत होतं. त्या उंबऱ्यावर थांबल्या. काकांचं मनगट घट्ट धरलेलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, कोपऱ्यांत, खुर्चीखाली.  माझ्या घरात कुणी यावं असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं. मग त्यांची नजर कोलूवर गेली आणि तिथेच राहिली.

त्यांनी मनगट सोडलं आणि आत आल्या.

"हें कोणी मांडलें?"

"मी," मी म्हणाले.

"देव खालीं आणि चेट्टियार वर?" वाण्याच्या जोडप्याची बाहुली मला आवडली म्हणून मी सगळ्यांत वर ठेवली होती. "वर बसून तो काय, देवांस डाळ विकणार?"

सेतुमाधवराव हसले. मोठ्यानं, खो खो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते हसतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. अंबुजाबाईंनी चेट्टियारला कानाला धरल्यासारखं उचलून खाली बसवलं, देवांना वर नेलं, राजा-राणीची जागा बदलली आणि मला चांगलं फैलावर घेतलं. घामानं त्यांचं कुंकू ओघळत होतं, तरी त्या थांबेनात. नंतर सुंडल खाल्लं. मीठ कमी आहे म्हणाल्या. ते खरंच कमी होतं.

विडा घेऊन निघताना त्या दारात वळल्या. "उद्यां आमच्याकडे या. आमचा कोलू पाहायास या."

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या घरी एकही बाहुली नव्हती. 

"या," ते म्हणाले. "तिनें बोलावलें आहे. तिचा शब्द खालीं पडूं नये."

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही नटून गेलो. दार पूर्ण उघडं होतं. आत तो मऊ उजेड इतका सारखा पसरलेला होता की सावली शोधून सापडली नसती. खाटेखालीसुद्धा एक दिवा होता. भिंतीपाशी धुतलेल्या वेष्टीनं झाकलेल्या तीन पायऱ्या. वेष्टीचा एक कोपरा सरकला होता आणि खालून बल्बांची रिकामी खोकी दिसत होती. सगळ्यांत वर देवघरातले देव. खाली एक प्लॅस्टिकचं बदक, एक लाकडी बैल, कुणाच्या तरी मुलांकडून मागून आणलेल्या दोन खेळण्यातल्या गाड्या, शर्यतीत उभ्या केल्यासारख्या. दिवसभर ते एवढंच करत असणार. उसळ त्यांनीच केली होती.

अंबुजाबाई पाटावर बसल्या होत्या. आम्हाला बघून गोंधळल्या. "कोण आलें?"

"काल तूंच बोलावलेंस ना," काका म्हणाले.

"होय तर. मीच बोलावलें," त्या लगेच म्हणाल्या. आठवलं नव्हतं, ते दिसत होतं. पण दारी आलेल्याला परकं वाटू द्यायचं नाही, हे त्या अजून विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला कुंकू लावलं, नितीनला बसायला चटई दाखवली. द्रोण भरू लागल्या. मग भिंतीशी उभ्या असलेल्या सेतुमाधवरावांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"तुम्ही कां उभे? तुम्हीही बसा. संकोच करूं नका."

 काका आले आणि आमच्या ओळीत, नितीनच्या शेजारी, मांडी घालून बसले.

"कुठले तुम्ही?" अंबुजाबाईंनी विचारलं.

"तंजावरचा," ते म्हणाले. हा प्रश्न त्यांना नवा नसावा.

"तंजावरचे? मग आपलेच कीं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या द्रोणात आणखी एक डाव उसळ वाढली.