पाच पाती आणि एक फळी

त्या सकाळी बायकोने मला सावध केलं होतं की नाही, हे मला खात्रीने आठवत नाही. (माझ्या स्मरणशक्तीबद्दल मीच ग्वाही देणं म्हणजे चोराने स्वतःला जामीन राहण्यासारखं आहे.)

तिला शिलाई मशीनवरच्या भिंतीला एक फळी हवी होती. फळी घरातच होती. आयुष्यभर सुतारकाम केलेल्या माझ्या सासऱ्यांची ती शेवटची सागवानी फळी. तिच्यावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं, ‘धाकटीसाठी’. धाकटी म्हणजे आमची ही. फळी एका टोकाला वीतभर आडवी कापायची, बस्स. पण कापायची रेघ त्या अक्षरांना अगदी खेटून जात होती.

“सुताराला बोलावते,” ही म्हणाली.

“घरात संख्याशास्त्राचा डॉक्टर असताना?”

“म्हणूनच.”

निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला टेबल सॉ, म्हणजे गोल पात्याचं करवतीचं यंत्र, मागच्या खोलीत धूळ खात होता. मी पातं आणायला निघालो.

“उभं चिरायला चोवीस दात, आडवं कापायला ऐंशी,” हार्डवेअरवाला म्हणाला. “ऐंशीचं न्या सर, डोळे मिटून.”

“पुरावा?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चोवीस, चाळीस, साठ, ऐंशी आणि शंभर अशी पाचही पाती घेऊन टाकली.

आकडा दिसला की मन झुकतं. म्हणून प्रत्येक पातं मी छापील बाजू आत करून बसवलं. (शास्त्रात याला निःपक्षपात म्हणतात.) भंगार लाकडावर पहिला काप घेतला. भयंकर किंचाळी, खोलीभर धूर आणि कड जळक्या केरसुणीसारखी! पाचही पात्यांची तीच गत. मी हादरलो. म्हणजे दातांच्या संख्येचा कापाशी काहीच संबंध नाही! दोष पात्यांत नाही, तर मग लाकडातच. भंगार ते भंगारच. सागवान खानदानी, ते असं वागणार नाही.

मी फळी लावली.

ती खानदानी किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. काळा धूर उठला आणि एक कपची सणकन माझ्या कानाजवळून गेली. मी बटण बंद करून दार उघडलं, तशी ही धावत आत आली.

“अहो! कापलीत की चुलीत घातलीत?”

मग तिने अक्षरं पाहिली. ‘धाकटीसा’ एवढंच उरलं होतं.  ती जमिनीवर बसून भुशात ‘ठी’ शोधू लागली. तीस वर्षं परीक्षकांसमोर न घाबरलेला मी, ते पाहून गारठलो.

फोन केल्यावर हार्डवेअरवाला स्वतः आला. वाकून पाहिलं, आणि तसाच वाकलेला राहिला.

“सर, छापलेली बाजू आत?”

“निःपक्षपातासाठी.”

“पातं फिरायच्या दिशेचा बाण त्याच बाजूला असतो हो! दातांची तोंडं तुमच्याकडे हवीत. पाचही पाती उलटी बसवलीत?”

“पाचही,” मी म्हणालो. “प्रयोगात सातत्य लागतं.”

त्याने ऐंशीचं पातं सुलटं करून एक भंगार तुकडा कापला. कड नखासारखी गुळगुळीत.

“फळीचं टोकही साफ करून देऊ, वहिनी?”

“नको. आता एक सूतभरही कमी होऊ द्यायची नाही.” तिला कपची सापडली होती. “मी पहिल्याच कापाला यांना सांगितलं होतं. बाबांचं काम बघत मोठी झालेय मी.”

“मुळीच नाही! सांगितलं असतंस, तर मी नोंद केली असती.”

‘ठी’ तिने डिंकाने चिकटवली. फळी लागली, काळी कड मात्र तिने मुद्दाम माझ्या खुर्चीच्या बाजूला ठेवली. वाद नऊ वर्षं चालला, आणि माझ्या बाजूने मुद्दा एकच: नोंद नाही.

गेल्या महिन्यात जुने कागद आवरताना प्रयोगाची वही सापडली. अक्षर माझंच.

‘११.४०. पहिला काप. धूर. पत्नी म्हणते, दात उलटे आहेत. विषयाशी संबंध नाही.’

आणि त्याखाली, लाल शाईने: ‘११.४५. पुन्हा म्हणाली. दार आतून लावून घेतले.’