बंद घरांचे नळ

आमच्या इमारतीत कोणी गावाहून परतलं, की बाळाभाऊ ढोबळे दारात हजर होतात. प्रवास कसा झाला हे विचारत नाहीत. विचारतात, "आंघोळ नाही न केली अजून?"

मागच्या मे महिन्यात पाटणकर पुण्याहून आले, सोबत नवे जावई. जावईबापू टॉवेल गुंडाळून बाथरूमकडे निघाले, तर बाळाभाऊ आडवे!

"थांबा गा! घर महिनाभर बंद होतं. शॉवरमधलं पाणी सडून राहिलं."

"मी पिणार नाही ना ते, काका."

"पोटाचं भेव नाही, छातीचं आहे! त्याचे बारीक तुषार श्वासात गेले का न्युमोनिया. लेजिओनेला म्हणते त्या जंतूले." हे नाव ते सावनेरच्या एखाद्या खाष्ट मावशीचं घ्यावं तसं घेतात.

मग त्यांनी शॉवरला कापडी पिशवी बांधली, तुषार उडू नयेत म्हणून. खिडकी उघडली, पाणी सोडलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. जावईबापूंनी सासरचा पहिला चहा टॉवेलवरच घेतला.

बाळाभाऊंचं एकच तत्त्वज्ञान. "पाणी एक तं थंडगार ठेवा, नाही तं चटका बसन असं. कोमट पाणी म्हणजे त्या जंतूचा पाळणा." नागपूरच्या उन्हात गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत तापते, म्हणून तिच्यावर छप्पर घालायला त्यांनी आख्ख्या सोसायटीशी भांडण केलं आणि जिंकलं. कोणाच्याही घरी गेले की आधी गिझरचा काटा पाहतात, शॉवरची जाळी काढून तिच्यावर साचलेला चुना घासून काढतात, मग बसतात. लोक हसतात आणि बाहेरगावी जाताना किल्ली त्यांच्याकडेच देतात. दर आठवड्याला बाळाभाऊ बंद घरांतले नळ सोडून येतात.

हे वेड त्यांना त्यांची बायको, आमच्या निर्मलाकाकू, गेल्यापासून लागलं. नात्यातल्या लग्नाला दोघं गेले होते. उतरायला दिलेली जागा बरेच दिवस बंद होती, पाहुण्यांसाठी उघडलेली. थंडीचे दिवस. काकूंनी शॉवरखाली निवांत आंघोळ केली. घरी आल्या त्या ताप घेऊनच. डॉक्टरांना जंतूचं नाव सापडलं, तोवर उशीर झाला होता.

परवा दुपारी त्यांना जेवायला बोलवायला निघालो. वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटचं दार किलकिलं होतं. आत पडद्यांतून पिवळसर उजेड झिरपत होता. सगळं फर्निचर पांढऱ्या चादरींखाली, ढग उतरल्यासारखं. लांब आत कुठेतरी पाणी वाहत होतं. बाळाभाऊ हॉलमध्ये फरशीवर, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते.

"बाळाभाऊ, बरं वाटत नाही का?"

त्यांनी डोळे न उघडताच शेजारची फरशी थोपटली. मी बसलो.

"आयक. असं वाटते न, का आत कोणी आंघोळ करून राहिलं?"

मी ऐकत राहिलो. खरंच तसं वाटत होतं.

"निर्मला लय वेळ लावायची. गाणं म्हणत राहायची आतमंधी. मी इकडून ओरडायचो, आटप वं, चहा थंडा होते!"

उन्हाची तिरीप चादरीवरून हळूहळू सरकत होती. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजली, विरली. पाणी केव्हाचंच पुरेसं वाहून गेलं असावं.

"बंद करून येऊ का?" मी हळूच विचारलं.

"राहू दे गा थोडं," बाळाभाऊ म्हणाले. "निघनच ती आता."