दोघं किंवा तिघं

वडनेरच्या ढोरांच्या दवाखान्यात बैल न्या, गाय न्या, नाहीतर कान फाटलेली बकरी न्या, तिला आधी औषध मिळत नसे. आधी वचन मिळे. दावीदभाऊ तायडे जनावराच्या पाठीवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि बायबलात या दुखण्याला कुठं जागा आहे ते मनातल्या मनात धुंडाळायचे. सापडलं की डोळे उघडून म्हणायचे, "लिहून ठेवलं हाये! सारं लिहून ठेवलं हाये!" मग बाटली काढायचे. तोवर पोटफुगीची म्हैस टिकली तर तिचं नशीब, असं गावातले टवाळ म्हणत. खरं सांगायचं तर दावीदभाऊंच्या हातून जनावर सहसा दगावत नसे.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती. मी आर्वीकडून बदलून वडनेरच्या शाळेत मास्तर म्हणून आलो. लग्न व्हायचं होतं. एक वळकटी, एक स्टोव्ह आणि भरपूर आळस, एवढं सामान. खोली मिळाली ती दवाखान्याला लागून. मधे कुडाची भिंत, म्हणजे इकडच्यानं शिंकावं आणि तिकडच्यानं 'जियो' म्हणावं. पलीकडे दावीदभाऊ आणि त्यांच्या घरच्या रूथबाई राहायच्या. अख्ख्या गावात ख्रिस्ती घर तेवढंच. मूलबाळ नव्हतं. दावीदभाऊंचे वडील मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढले होते, आणि लेकानं मिशनच्या शाळेत शिकून सरकारी नोकरी धरली होती. डॉक्टर ते नव्हतेच. खरे डॉक्टर हिंगणघाटला. हे नुसते स्टॉकमन, डॉक्टरांच्या हाताखालचे. पण गावाला एवढा फरक करायला वेळ नव्हता, गाव त्यांना डाक्टरसाहेबच म्हणे.

मी आलो त्याच आठवड्यात पुंडलिक नावाचा शेतकरी बैल घेऊन आला. बैल नांगराला उभाच राहत नव्हता. पुंडलिकानं त्याला चांगला झोडपला होता, पाठीवर वळ दिसत होते. दावीदभाऊंनी डोळे मिटले, उघडले, आणि त्याला समोर बसवून गोष्ट सांगायला घेतली.

"एक बाबा गाढवावर बसून चालला होता. गाढव रस्त्यात अडलं. बाबानं हाणलं. पुन्हा अडलं, पुन्हा हाणलं. तिसऱ्या बारी गाढवानं तोंड उघडलं अन् माणसावानी बोललं, का बाबा, मले काऊन मारून राह्यला? समोर देवदूत तलवार घेऊन उभा होता, गाढवाले दिसे, बाबाले दिसे नाई. लिहून ठेवलं हाये!"

पुंडलिक भाबडा माणूस. त्यानं बैलाकडे बघितलं, मग दावीदभाऊंकडे बघितलं. "मंग डाक्टरसाहेब, माहा बैल काई बोलला का?"

"बोलला ना. म्हणते, जू खांद्याले लागून राह्यलं, अन् हा गडी मले पाठीवर हाणते."

जू बसतं तिथले केस बाजूला केले तर खाली चांगली मोठी जखम निघाली. पुंडलिक शरमला. आठ दिवस मलम चोळलं, बैल बरा झाला, आणि तेव्हापासून पुंडलिक दावीदभाऊंसाठी जीव टाकू लागला. बैल बायबल वाचून बरा झाला असं तो अजूनही सांगतो.

जनावरांपुरतं होतं तोवर ठीक होतं. पण वचन माझ्या खोलीतही यायचं. माझ्या गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या. मी कुडाच्या भिंतीतून विचारलं, "दावीदभाऊ, मुंग्यांना काही औषध आहे का तुमच्याकडे?" ते धावत आले, डब्यासमोर उकिडवे बसले आणि कौतुकानं बघत राहिले. "मास्तर, लिहून ठेवलं हाये. आळशी माणसानं मुंगीपाशी जावं, तिचं पाहून शिकावं. तिच्यावर ना मुकादम, ना साहेब, तरी पहा कशी काम करून राह्यली!" पाऊण तास झाला. औषधाचं नाव नाही. शेवटी शिकलेल्या मुंग्यांनी गूळ संपवला आणि आळशी मास्तर बिनगुळाचा चहा प्याला.

ऐकवण्यापुरतं नव्हतं, ते तसं वागायचेही, आणि हीच खरी पंचाईत होती. महिन्यातून एकदा औषधं आणायला त्यांना हिंगणघाटला जावं लागे. मोटारीच्या थांब्यावर रांग. दावीदभाऊ मुद्दाम सगळ्यात शेवटी उभे राहायचे, कारण शेवटचे ते पहिले होतील असं येशूनं सांगितलेलं. मोटार यायची, भरायची, निघून जायची. दावीदभाऊ थांब्यावर. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, पहिले कधी होणार तुम्ही?" ते शांतपणे म्हणाले, "आता पहा ना, पुढच्या मोटारीले माहाच नंबर पयला." यावर काय बोलणार, कप्पाळ!

रविवारी मात्र माझी झोपमोड ठरलेली. सात वाजले की भिंतीपलीकडून खणखणीत आवाज यायचा, "आता सभा उभी राहील!" मग दोन माणसं उभी राहिल्याची खसफस. गाणं. मग "आता सभा खाली बसेल!" मग प्रवचन. शे-दोनशे माणसांपुढं बोलावं तसं बोलायचे, आणि ऐकायला एकट्या रूथबाई. त्या ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, तोंडानं फटकळ. प्रवचन फार लांबलं की मधेच त्यांचा आवाज यायचा, "आता सभा भाकरी टाकाले जाईन. तुमी चालू द्या."

मी एकदा विचारलं, हिंगणघाटला चर्च आहे, माणसं आहेत, तिथं का नाही जात रविवारी? दावीदभाऊंनी दवाखान्याच्या दाराकडे बोट दाखवलं. "ढोराले इतवार समजत नाई, मास्तर. शब्बाथाच्या, इसाव्याच्या दिवशी बैल आडात पडला तं काढाव का नाई? लिहून ठेवलं हाये, काढाव. मंग मले इथंच राह्यलं पाह्यजे. अन् माणसाईचं म्हणसान तं येशू म्हणते, दोघं किंवा तिघं माह्या नावानं जमले का मी तिथं हाजीर. आमी दोघं हाओत. गिनती पुरी हाये."

त्या वर्षी पोळा झाल्यावर रूथबाईंना ताप भरला. पाऊस धरून बसला होता. दोन दिवस काढा, गोळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी हिंगणघाटला न्यायचं ठरलं, पुंडलिकानं भर पावसात गाडी आणली, पण बैल जुंपेपर्यंत रूथबाई गेल्या. ख्रिस्ती माणसांची दफनभूमी हिंगणघाटला, आणि मधला नाला दुथडी भरलेला. गाव ओसरीवर जमलं. अशा माणसाला मेल्यावर कुठं नेतात, कसं नेतात, कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा पुंडलिक पुढे झाला. "माह्या वावराच्या धुऱ्यावर जागा हाये. उंचावर हाये, पाणी साचत नाई. कोनाले इचाराचं काम नाई." चौघांनी त्या बांधावर खड्डा खणला, त्यात मीही होतो. दावीदभाऊंनी स्वतःच वचन वाचलं, स्वतःच माती लोटली. रडले नाहीत. मला मात्र राहवलं नाही.

पुढच्या रविवारी सात वाजून गेले. मी जागाच होतो. भिंतीपलीकडे काही नाही. त्याच्या पुढच्या रविवारी काही नाही. इतके दिवस ज्या आवाजाला मी शिव्या दिल्या, तो ऐकायला कान टवकारून पडून राहायचो. दवाखाना चालू होता, बैलांना वचनंही मिळत होती. पण सभा बंद. तिसऱ्या रविवारी मी उठून त्यांच्या दारात गेलो. दावीदभाऊ बाजेवर बसले होते, पुस्तक मांडीवर, मिटलेलं.

"सभा नाही का आज?"

"गिनती नाई भरत, मास्तर."

"अहो, एका माणसाकडे देव येत नाही होय?"

"येत असन. पण त्यानं दोघं किंवा तिघं म्हटलं. एकाचं काई लिहिलं नाई." आणि मिटल्या पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "साऱ्या गावाले मी काढून देतो वचन. माह्याच पुरतं सापडून नाई राह्यलं."

मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी मी विहिरीवर थंड पाण्यानं अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि सातला पाच कमी असताना त्यांच्यासमोर सतरंजीवर जाऊन बसलो. "घ्या. झाले दोघं. करा सुरू."

दावीदभाऊंनी माझ्याकडे निरखून पाहिलं, बैलाचा खांदा तपासावा तसं. "मास्तर, खरं सांगजा. तुमी त्याच्या नावानं आले का माह्यी कीव आली म्हणून आले?"

मास्तर माणूस, खोटं बोलायची सवय नाही. "कीव आली म्हणून."

"मंग गिनतीत नाई धरता येत. देवाले चुकीची हाजिरी नाई सांगाची. चहा घ्या, बसा."

मला रागच आला. मी चहा न पिता उठलो आणि म्हणालो, "मग बदली मागा हिंगणघाटला! तिथं चर्च आहे, गाणारी माणसं आहेत, खरी हजेरी लागेल तुमची." त्यांनी अर्जाचा कागद आधीच आणून ठेवला होता. त्या बायबलमध्येच होता, घडी घालून. त्यांनी तो काढून मला दाखवला. वर 'साहेबांचे सेवेशी' एवढंच लिहिलेलं.

"चार दिवस झाले, पुढं लिहिनं होऊन नाई राह्यलं," ते म्हणाले. "गेलो तं सभा भेटते, पण रूथ इथं धुऱ्यावर एकटी राह्यते. राह्यलो तं ती हाये, पण सभा नाई. सांगा मास्तर, काय करू?"

 मी चहा प्यालो आणि घरी आलो.

त्यानंतर दोनेक रविवार गेले असतील. सकाळी भिंतीपलीकडे कडी वाजली. बघतो तो दावीदभाऊ धुतलेला कोट घालून, पुस्तक बगलेत घेऊन झपझप निघालेले. अर्ज टाकायला निघाले असतील म्हणावं तर रविवारी पोस्ट बंद. मी चपला अडकवल्या आणि मागोमाग गेलो. गाव संपलं, पांदण संपली. पुंडलिकाचं वावर कापसानं पांढरं झालं होतं. धुऱ्यावर रूथबाईंची माती होती, पुंडलिकानं भोवती दगड लावून दिले होते. दावीदभाऊ तिच्यासमोर ताठ उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आता सभा उभी राहील!"

मी बाभळीआड उभा होतो, पण मोठ्या माणसाला बाभूळ कितीशी झाकणार. त्यांना मी दिसलो. जरा शरमले, मग समजावून सांगायला लागले.

"तीन-तीन बारी वाचलं, मास्तर. जमलेले म्हटलं हाये. जमलेले जितेच पाह्यजेत असं कुठी लिहिलं नाई. आमी दोघं हाओत. गिनती पुरी हाये."

"आणि तो अर्ज?"

"चुलीत गेला."

मी बाभळीआडून पुढे आलो. "मी बसलो तर चालेल का? कीव म्हणून नाही."

"मंग काऊन?"

"सवय झाली होती हो मला. रविवारची."

दावीदभाऊंनी थोडा विचार केला. "तिघं लिहिलं हाये. बसा."

मी धुऱ्यावर बसलो. गाणं झालं, प्रार्थना झाली, सभा खाली बसली. त्यांनी पुस्तक उघडलं, बोटानं ओळ धरली आणि वाचायला सुरुवात केली. नवऱ्यांनो, आपल्या बायकांवर माया करा, आपल्या देहावर करता तशी करा, असं काहीसं होतं. दोन ओळी वाचून ते थांबले. मला वाटलं चष्म्यावर धूळ बसली असेल. पण ते मातीकडे बघत होते, आणि आता आवाज शे-दोनशे माणसांपुढचा नव्हता, भाकरी वाढणाऱ्या बाईशी बोलावं एवढाच होता.

"याच्या वरचं, बायकोनं नवऱ्याचं ऐकावं हे, मी तुले लय खेपा वाचून दाखोलं," ते म्हणाले. "हे खालचं राहूनच गेलं, वं रूथ. आज आयक."

आणि त्यांनी ते पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा वाचायला घेतलं.