ठसे घेतले, सोडून दिलं

"अर्ध्या तासाचं काम आहे, मेव्हिस," ऑर्लिन ट्वेटने कॉफीचा कप खाली ठेवत बायकोला सांगून टाकलं. "जातो, बोटं टेकवतो, येतो. माझ्यासारख्या माणसाचं चारित्र्य तपासायचं म्हणजे असं तपासायचं तरी काय?"

चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचा अर्धा तास केवढा असतो, हे बाईला पक्कं ठाऊक असतं.

काम होतं शाळेच्या बसवर ड्रायव्हर व्हायचं. ऑर्लिनला पैशाची हाव नव्हती. त्याचा मुलगा टॉड घटस्फोट घेऊन अलास्कात मासे पकडायला निघून गेला होता. सून केंड्रा, नात ब्रिटाला घेऊन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पार उत्तर टोकाला राहायला गेली होती. भांडण कुणाचं कुणाशी नव्हतं, पण आठ वर्षांची नात दिसायची ती नाताळला आणि ईस्टरला, तीही टोचणारा झगा घालून अवघडून बसलेली. अशात उत्तरेकडच्या बसच्या ड्रायव्हरचे गुडघे गेले आणि जागा रिकामी झाली. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास, नात रोज आपल्या गाडीत! या एका गोष्टीसाठी जन्मभर सिमेंटचं काम केलेल्या या म्हाताऱ्याने बसचा परवाना काढला, डोळे तपासून घेतले, डॉक्टरसमोर एका पायावर उभंसुद्धा राहून दाखवलं. आता राहिला होता फक्त गुन्हेगार नसल्याचा दाखला. त्यासाठी काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, म्हणजे शेरीफच्या, कचेरीत बोटांचे ठसे द्यायचे होते.

कचेरीत ठशांची खोली एकच. चोराला तिथेच नेतात आणि सभ्य माणसालाही तिथेच. डेप्युटी कोल्बीने ऑर्लिनचं बोट यंत्राच्या काचेवर ठेवलं.

"दाबा."

ऑर्लिनने दाबलं. यंत्राचा लाल दिवा लागला.

"जरा जोर लावा की."

"आणखी जोर लावला तर काच माझ्या नावावर फुटेल."

कोल्बीने त्याचा हात उलटा करून दिव्याखाली धरला. "ऑर्लिन, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत हो."

"कुठून असतील? सगळ्या सिमेंटने खाल्ल्या. तुझ्या घराचा पाया याच हातांनी घातलाय."

"पाया झकास आहे. पण यंत्राला रेषा लागतात. असं करा, गाईच्या सडांना लावतात ते मलम चोपडा, वर हातमोजे घालून झोपा आणि उद्या या."

ऑर्लिन सडांचं मलम लावून झोपला. मेव्हिसने त्या वासापायी पलंगाची कड धरली. दुसऱ्या दिवशीही लाल दिवाच लागला. तिसऱ्या दिवशी तेच.

इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते रेडिओने. आमच्याकडे सकाळी मक्याचे भाव सांगतात, मग कोण वारलं ते, आणि मग शेरीफचा रोजनामा वाचतात. एरवी त्यात काय असायचं? कुणाची गाय रस्त्यावर आली, कुठे संशयास्पद पोतं सापडलं आणि त्यात बटाटे निघाले. पण नोव्हेंबरात शेरीफची निवडणूक होती. इतका रिकामा रोजनामा लोकांच्या कानी पडला तर ते म्हणणार, या माणसाला आपण पगार कशाचा देतो? म्हणून शेरीफचा हुकूम सुटला होता, दारातून आत येईल त्याची नोंद करा.

कोल्बी आज्ञाधारक पोरगा. त्याने नोंद केली. मंगळवारी काउंटीने नाश्ता करता करता ऐकलं, "ऑर्लिन ट्वेट, वय सदुसष्ट. ठसे घेतले, सोडून दिलं." बुधवारी ऐकलं, "ऑर्लिन ट्वेट. पुन्हा हजर. सोडून दिलं." आणि गुरुवारी, "ऑर्लिन ट्वेट. बोटांवर ठसे आढळले नाहीत. सोडून दिलं."

बोटांवर ठसे नाहीत! आता सभ्य माणूस बोटांवरचे ठसे कशाला घालवेल? तुम्हीच सांगा.

दुसऱ्या गावात लोकांनी दार ठोठावून सरळ विचारलं असतं, काय रे बाबा, काय केलंस? आमच्या लोकांचं तसं नाही. आमचे लोक विचारत नाहीत. आमचे लोक हॉटडिश आणतात. खिमा, डबाबंद सूप आणि वर बटाट्याचे तुकडे, सगळं एका पसरट भांड्यात भाजलेलं. अपेंडिक्स काढलं तर एक-दोन येतात. मयत असली तर टेबल भरतं. गुरुवारी संध्याकाळी ट्वेटांचं टेबल भरून भांडी कपडे धुण्याच्या यंत्रावर गेली.

"कोण मेलंय आपल्याकडे?" ऑर्लिनने विचारलं.

"तू," मेव्हिस म्हणाली. रागाने तिचे ओठ पांढरे पडले होते. "गोधड्या शिवायला गेले तर बायका एकदम गप्प. मग त्यातलीच रूथ माझा हात धरून म्हणते, यंदा दव लवकर पडायला लागलंय, नाही?"

"मग तू सांगायचं ना, दाखल्यासाठी गेला होता म्हणून."

"कुणी विचारलं तर सांगेन ना! कुणी विचारतच नाही."

तेवढ्यात पाद्री लुंड आले. त्यांनी कॉफी घेतली, दोन बिस्किटं खाल्ली, सोयाबीनची चौकशी केली आणि उठताना ऑर्लिनच्या खांद्यावर हात ठेवला. "देवाच्या दारी सगळ्यांना जागा असते, ऑर्लिन."

"अहो, मला बस चालवायची आहे."

"हो, हो," पाद्री मायेने म्हणाले. "पुढचा विचार करणं चांगलंच."

शुक्रवारी शाळेच्या मुख्य बाई मिसेस रोल्फ यांचा फोन आला. अशा दिवसांत तुम्हाला घरच्यांसोबत वेळ हवा असेल, बसचं नंतर बघू या का, असं त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. नंतर म्हणजे दुसरा ड्रायव्हर मिळाला की, हे न कळण्याइतका ऑर्लिन खुळा नव्हता. नात हातची चालली. "बाई," तो म्हणाला, "दाखला येईपर्यंत जागा कुणाला देऊ नका. एवढी एक भीक घाला." फोन ठेवून तो बराच वेळ त्या हॉटडिशांकडे बघत बसला. इतका तो उभ्या जन्मात थकला नव्हता.

शेवटी कोल्बीने राजधानीला कळवलं, या माणसाला बोटं आहेत पण ठसे नाहीत, नावावरून तपासा. तिथल्या लोकांनी तपासलं. पुढच्या आठवड्यात दाखला आला. स्वच्छ, कोरा करकरीत. ऑर्लिन तो घेऊन मिसेस रोल्फच्या टेबलाशी उभा राहिला. बाईंनी दोनदा वाचला, उजेडासमोर धरूनही पाहिला. शाळा सोमवारी उघडत होती आणि बसचा परवाना असलेला दुसरा माणूस काउंटीत उरला नव्हता. त्यांनी दाखला परत दिला आणि किल्ल्याही दिल्या.

सोमवारी ऑर्लिन अंधारातच उठला. पहिला थांबा उत्तर टोकाचा, म्हणजे ब्रिटाचाच. केंड्रा वृद्धाश्रमाच्या गणवेशात रस्त्यावर उभी होती.

"मला सातला कामावर हजर व्हायचंय," ती म्हणाली. "आणि लोक काही म्हणोत, तुम्ही कसे आहात ते मला ठाऊक आहे. तिचा डबा विसरू देऊ नका."

ऑर्लिनने मान हलवली. ब्रिटा चढली आणि तडक पार मागच्या बाकावर जाऊन बसली.

पुढचा थांबा रिकामा. त्याच्या पुढचाही रिकामा. समोरून एकेक मोटार जात होती, मागे पोरं बसलेली आणि पुढून आया मोठ्या अदबीने हात हलवत होत्या. ऑर्लिनही हात हलवत होता. चौथ्या रिकाम्या थांब्यावर त्याने नियमाप्रमाणे बस उभी केली, दार उघडलं आणि बंद केलं.

"कुणी येणार नाही," मागून आवाज आला. "सगळ्यांना घरचे मोटारीने सोडणार आहेत."

"ते का गं?"

"तू तुरुंगात होतास ना, म्हणून." मग जरा थांबून, "आजोबा, तू काय केलं होतंस?"

अख्ख्या काउंटीत तोंडावर विचारणारी ही पहिलीच. ऑर्लिनला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्याने खिशातला दाखला काढून आरशासमोर धरला. "काहीच नाही, बेटा. हे बघ, शिक्का आहे. तुझ्या आजोबाने जन्मात काही केलेलं नाही."

आरशात पोरीचा चेहरा पडला. डोळे भरून आले.

"काहीच नाही? पण मी सगळ्यांना सांगितलंय तू बँक लुटलीस. आता मला खोटारडी म्हणतील."

ऑर्लिनने दाखल्याकडे पाहिलं. मग त्याची घडी घातली आणि तो खिशात परत ठेवला.

"एकच लुटली," तो म्हणाला. "आणि तीही लहानशीच होती."

ब्रिटा उठली, दप्तर ओढत पुढे आली आणि अगदी त्याच्या पाठीमागच्या बाकावर बसली.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.