उतरत्या कप्प्यांचं कपाट

कपाट जिन्यावरून एकटंच खाली आलं. ते उचलणारे चार हमाल मागाहून आले, रिकाम्या हातांनी आणि पडलेल्या तोंडांनी. मधल्या वळणावर कुणाचा हात निसटला याबद्दल चौघांची चार मतं होती. कपाटाचा मागचा पाय मोडला होता, एक दार बिजागरीसकट निखळलं होतं, आणि माई खालच्या पायरीजवळ पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत की कुणाला बोलल्या नाहीत. म्हणूनच आप्पा जास्त धास्तावले.

घर बदललं ते आप्पांच्या गुडघ्यांपायी. तिसरा मजला झेपेना म्हणून तळमजल्यावरचं लहान घर घेतलं. माईंचा जीव जुन्या घरात अडकला होता, पण त्या 'बरं' म्हणाल्या आणि बांधाबांधीला लागल्या. एकच गोष्ट त्यांनी मागितली होती, "बाबांचं कपाट तेवढं नीट न्या."

माईंचे बाबा पोस्टात कारकून. जन्मभर शिक्के मारले, रंधा कधी हातात धरला नाही. पण लेकीच्या लग्नात कपाट द्यायचं तर स्वतःच्या हातानं करूनच, असं त्यांनी डोक्यात घेतलं आणि केलंही. आप्पा होते वजनमाप खात्यात. दुकानदारांचे तराजू तपासण्यात उभी हयात गेली. कपाट घरी आलं त्या दिवशी त्यांनी त्यावर सपाटी मोजायची पाणसळ ठेवून पाहिली, आणि तेव्हापासून गेली पस्तीस वर्षं त्यांची टकळी चालू होती. कप्पे डावीकडे उतरतात, दार आपोआप उघडतं, खालचा खण लाथ घातल्याशिवाय हलत नाही. माई ऐकून घेत.

आता नव्या घरात ते कपाट मोडक्या पायाखाली दोन विटा घेऊन उभं होतं, आणि माई दोन दिवस हो-नाहीपलीकडे बोलल्या नव्हत्या. काय बोलावं ते आप्पांना सुचेना. आयुष्यभर एकच उपाय ठाऊक असलेल्या माणसानं जे केलं असतं तेच त्यांनी केलं. सामान हलवणाऱ्या कंपनीकडे तक्रार ठोकली.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा पाहणीवाला आला. गोड बोलणारा, पण पक्का.

"काका, वस्तू आधी धडधाकट असेल तरच भरपाई मिळते," तो म्हणाला आणि वाकून पाहू लागला. "हे कप्पे तिरके आहेत. हे काही पडल्यामुळे नाही झालं."

आप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत भांडी लावण्याचा आवाज थांबला होता.

"तिरके नाहीत, उतरते आहेत," आप्पा म्हणाले. "मुद्दाम केलेत. वस्तू हाताशी येतात."

जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले होते. कान गरम झाले.

"आणि हे दार? लावलं तरी उघडतंय."

"कपड्यांना हवा लागायला नको? कोंदट वास येत नाही त्यानं."

"असं होय," पाहणीवाला म्हणाला आणि त्यानं खालचा खण ओढला. खण लोण्यासारखा बाहेर आला. आप्पा बघतच राहिले. पस्तीस वर्षांत तो कधी असा आला नव्हता. पडल्यानं त्याचं भलं झालं होतं.

"खण मात्र झकास आहे. कारागीर कोण हो?"

इथे आप्पांना थांबता आलं असतं. पण एकदा जीभ सुटली की सुटली. "फार मोठा माणूस. आयुष्यात एकच कपाट केलं त्यांनी. अशी दुसरी वस्तू तुम्हाला कुठे मिळायची नाही."

खरं तर यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पाहणीवाला मात्र गंभीर झाला. दुर्मिळ वस्तू म्हणजे त्याच्या हातातलं काम नाही, मालकांनाच सांगावं लागेल, असं म्हणून तो गेला. आप्पांनी मिशीत हसून घेतलं. आता भरपाई घेऊ, चांगल्या सुताराकडून कपाट उभं करू, माई हसतील. सगळं कसं मनात जुळून आलं होतं.

सकाळी मालक हजर. मागे दोन हमाल, हमालांच्या हातात जाड घोंगडी. मालकांना जुन्या वस्तूंचा भारी षौक. त्यांनी कपाटाभोवती एक चक्कर मारली, दारावरून हात फिरवला आणि खुशीत म्हणाले, "पुरी भरपाई देतो, साहेब. घासाघीस नाही. चला रे, गुंडाळा."

"गुंडाळा म्हणजे?" आप्पा म्हणाले.

"पुरी भरपाई दिली की वस्तू कंपनीची. आमचा नियमच आहे तो. दुरुस्त करून माझ्या दिवाणखान्यात ठेवतो. काळजी करू नका, लेकरासारखं सांभाळीन."

आप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी माईंकडे पाहिलं. त्या पुढे झाल्या, कपाटातल्या साड्या एकेक करून काढू लागल्या आणि खाटेवर ठेवू लागल्या. घर सोडताना जशा मुकाट्यानं 'बरं' म्हणाल्या होत्या, तशाच. ते आप्पांना बघवेना.

"थांबा," ते म्हणाले. "हे कपाट भिकार आहे."

मालक हसले. "साहेब, रक्कम वाढवून घ्यायची ही रीत नवीन दिसते."

"अहो, खरंच भिकार आहे. कप्पे डावीकडे उतरतात. थांबा, दाखवतोच." आप्पांनी खोक्यातून पाणसळ शोधून काढली आणि कप्प्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. "पाहिलंत? दोऱ्याचं रीळ ठेवलं तर घरंगळत कोपऱ्यात जातं. हे दार रात्री-बेरात्री उघडतं. पाहुणे दचकून उठायचे."

"पण काल तर तुम्ही हवेसाठी म्हणालात."

"काल मी खोटं बोललो."

"आणि ते मोठे कारागीर?"

"पोस्टात होते. माझे सासरे." आप्पांना पुढचं दूषण काही केल्या आठवेना. पस्तीस वर्षं पाठ असलेलं, नेमकं आता अडलं.

"एक दार बोटभर रुंद आहे," माई हळूच म्हणाल्या.

"हां, एक दार बोटभर रुंद."

"वरच्या फळीला आतून खिळा निघालाय. माझ्या तीन साड्या फाटल्या."

"तीन साड्या," आप्पा म्हणाले. "शिवाय खालचा खण अडकतो."

"तो आता सुधारलाय," माई म्हणाल्या.

"आमच्यामुळेच ना," मालक म्हणाले. पण त्यांचा उत्साह पार मावळला होता. "बघा बुवा. आधीपासून असं असेल तर एक कवडीही मिळणार नाही."

"नको," आप्पा म्हणाले.

मालक हमालांना आणि घोंगड्यांना घेऊन गेले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. माई साड्या पुन्हा कपाटात लावू लागल्या. आप्पा खाटेवर बसून राहिले.

"हे सगळं मी बोलायचो," ते म्हणाले, "ते बाबांच्या कानावर गेलं होतं का गं?"

"तर. आपल्याकडे राहायला आले की रोज ऐकायचे. तुम्ही स्वयंपाकघरात बोलायचात आणि ते बाहेर बसलेले असायचे."

"मग?"

"मला वाटलं, रागावतील. तर हसले. म्हणाले, कपाट वाकडं आहे हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. हा माणूस तुझ्याशी कधी खोटं बोलायचा नाही."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पुसला. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि तितकंच बरंही वाटत होतं. "आणि काल मी त्या पाहणीवाल्यापुढे नको नको ते बोललो."

"ऐकत होते मी आतून. मोठा माणूस म्हणालात."

"खोटं होतं गं ते बरंचसं."

"असू दे," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "बाबांबद्दल तुमच्या तोंडून तेवढं एकदा ऐकायचं होतं मला."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सुताराला बोलावलं नाही. करवत आणली, लाकडाचा ठोकळा आणला, गुडघ्यांची तमा न बाळगता जमिनीवर फतकल मारून बसले. दहादा मापलं, दोनदा बोट ठेचून घेतलं आणि नवा पाय करून कपाटाला बसवला. मग खोलीच्या दाराला आतून कडी घालून एकट्यानंच पाणसळ लावून पाहिली.

कपाट आता उजवीकडे उतरतं. माईंनी त्याबद्दल आजवर अवाक्षर काढलेलं नाही. फक्त घरी कुणी आलं की त्या पाहुण्याला आधी आतल्या खोलीत नेतात, कपाटाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "बाबांनी केलंय. आणि मागचा पाय आहे ना, तो ह्यांनी."