वाघचौरे काकांचा वाढलेला रिफंड

हिशेबापेक्षा जास्त पैसे सरकारकडून परत मिळणार, हे कळल्यावर रागाने लालबुंद झालेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का?

मी पाहिला आहे. सौदीतल्या जुबैलमध्ये आमच्या कंपनीच्या इमारतीत तो माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. गेल्या जुलैतल्या एका शुक्रवारी सकाळी त्याने माझं दार असं बडवलं की मला वाटलं, प्लांटमध्ये गॅस सुटला. उघडलं तर वाघचौरे काका. बनियन, लुंगी, कानावर पेन्सिल.

"रिफंड वाढलाय!" ते ओरडले.

"अभिनंदन."

"अभिनंदन कसलं करतोस? कबूल नाही मला!"

काका इन्स्ट्रुमेंट विभागात आहेत. प्लांटमधले दाबाचे आणि तापमानाचे मीटर खरं बोलतात की नाही, हे तपासणं त्यांचं काम. एकाच पाइपवरचे दोन मीटर वेगवेगळे आकडे दाखवायला लागले, की काका "कबूल नाही" म्हणून हाताची घडी घालून उभे राहतात. सौदी सुपरवायझर मागून "यल्ला, यल्ला" अशी घाई करून थकतो, पण खोटारडा मीटर सापडेपर्यंत हा माणूस हलत नाही. मेसच्या आमटीतलं मीठही त्यांना तीनदा कबूल झालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, सौदीत पगारावर आयकरच नाही, मग हा रिफंड आला कुठून? काकांचा नाशिकला एक फ्लॅट आहे आणि तो भाड्याने दिलेला आहे. घरमालक परदेशात राहत असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापून सरकारकडे भरायचा, असा कायदा आहे. मालकाने मग रिटर्न भरून आपल्यावर खरा कर किती बसतो ते दाखवायचं आणि जास्त कापलेला परत मागायचा. तोच हा रिफंड. आखातातले कितीतरी घरमालक ही भानगडच नको म्हणून भाडं रोख घेतात आणि पंधरा ऑगस्टला छातीवर तिरंगा लावून पहिल्या रांगेत बसतात. भाडेकरू संघाची, घरमालकांविरुद्धची पत्रकं वाटत मी मोठा झालो. काकांचा फ्लॅट आहे हे कळलं तेव्हा मी त्यांनाही मनातल्या मनात त्याच रांगेत बसवून टाकलं होतं.

पण काकांची रांगच वेगळी. ते आपला रिटर्न स्वतः भरतात. कंपनीच्या बसमध्ये आमचे पाटणकर त्यांना नेहमी डिवचतात.

"वाघचौरे, माझ्या एजंटला द्या की. काय काय वजावटी लावतो, पठ्ठ्या! रिफंड दुप्पट करून देतो."

"त्या वजावटी खऱ्या असतात का?"

"ते तो बघतो."

"आणि सही कोण करतं?"

"सही मीच करतो."

"सही माझी, तर डोकंही माझं!" असं म्हणून काका खिडकीबाहेर बघायला लागतात. बाहेर धुराच्या चिमण्या, टाक्या आणि वाळू. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की मधली वाक्यं गाळून दोघांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं तरी मला तो ऐकू येतो.

एका वर्षी खात्याने काकांचा रिफंड कमी केला. काकांनी रात्रपाळी करून आल्यावर पुन्हा सगळी बेरीज केली, चूक स्वतःचीच निघाली, आणि त्यांनी आम्हाला चहा पाजला. "कोणीतरी तपासतंय! म्हणजे देश चालू आहे." पुढच्या वर्षी रिफंड उशिरा आला, म्हणून त्यावर सतरा रुपये व्याज मिळालं. ते सतरा रुपये काकांनी त्यापुढच्या वर्षी उत्पन्न म्हणून दाखवले. पाटणकर बसमध्ये इतके हसले की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

रिटर्न पाठवायचा दिवस म्हणजे तर सोहळाच असतो. नाशिकचं सिमकार्ड घातलेला एक जुना फोन ते केवळ त्या दिवसाच्या ओटीपीसाठी वर्षभर रिचार्ज करून जिवंत ठेवतात. त्याची टिंग अशक्त झाली आहे. ती ऐकू यावी म्हणून जुबैलच्या जुलैत काका एसी बंद करतात. आम्ही घामाने थबथबत, श्वास रोखून, सहा आकड्यांची वाट बघत बसतो.

तर त्या शुक्रवारी त्यांनी मला खोलीत ओढत नेलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"हे बघ. शोभाताईंच्या मिस्टरांचं पाठीचं ऑपरेशन झालं होतं. कारखान्यातून पगार बंद. म्हणून मी पाच महिन्यांचं भाडं माफ केलं. भाडं नाही तर कर कुठला? म्हणजे सात महिन्यांचाच कर भरलेला दिसायला हवा. पोर्टलवर बारा महिन्यांचा दिसतोय! रिफंड फुगलाय. दोन मीटर, दोन आकडे. एक जण खोटं बोलतोय."

शोभाताई निकम म्हणजे काकांच्या भाडेकरू. एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहेत. मालक परदेशात असला तर कर कसा भरायचा, हे काकांनीच त्यांना फोनवर शिकवलं होतं. दर शुक्रवारी नाश्त्याच्या वेळी त्यांचा फोन येतो आणि काका तो स्पीकरवर ठेवतात. या फोनला ते "मालमत्तेची पाहणी" म्हणतात. नळ कसा आहे, मागच्या दाराची कडी बसते का, गॅलरीत पाणी साचतं का, असे प्रश्न असतात. मी खुबूसची रोटी आणि फूल, म्हणजे इथली वालाची उसळ, घेऊन जातो आणि पाहणी ऐकत खातो.

त्या दिवशी फोन आला आणि काकांनी नळाबद्दल विचारलंच नाही.

"शोभाताई, माफ केलेल्या महिन्यांचा कर तुम्ही का भरलात?"

"भाडं तुमचं होतं, भाऊ, ते तुम्ही माफ केलंत. कर सरकारचा. तो माफ करणारे तुम्ही कोण?"

मी घास तोंडाशी धरून थांबलो. काकांना त्यांच्याच सुरात उत्तर देणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अहो, पण भाडंच नाही तर..."

"मला तेवढा कायदा नाही कळत. एवढंच कळतं, की आम्ही पाच महिने फुकट राहिलो असं कुठे लिहिलेलं मला नको होतं. यांचं औषधपाणी चालू होतं, सगळं भाडं झेपत नव्हतं. कराएवढे पैसे निघाले, तेवढे भरले. कागदावर तरी आम्ही भाडेकरूच राहिलो, भाऊ. आश्रित नाही झालो."

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली.

"आणि सांगायचं राहिलं," शोभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. "आम्ही महिनाअखेरीला घर सोडतोय. यांच्या बहिणीची एक खोली रिकामी आहे. हे आता अर्ध्या पगारावर जायला लागलेत, पण तुमचे उपकार अंगावर घेऊन त्या घरात जेवण गोड लागत नाही. राग नका मानू."

काकांचा चेहरा असा उतरलेला मी प्लांटमध्ये कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता ते विनवतील. ते उठले, हाताची घडी घातली.

"कबूल नाही!"

"अहो भाऊ..."

"कसली माफी? कोणी केली? कागद दाखवा!"

"तुम्हीच तर फोनवर म्हणालात."

"फोनवर माणूस काहीही म्हणतो. लेखी आहे का? नाही ना? मग भाडं माफ झालेलं नाही. पाच महिन्यांचं भाडं येणं आहे. तुम्ही भरलेला कर त्यातून वळता. बाकीची थकबाकी चुकती केल्याशिवाय घर सोडता येणार नाही. मी घरमालक आहे. मी कडक आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. लहानपणापासून ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, तो घरमालक साक्षात माझ्यासमोर लुंगीत उभा होता, आणि पत्रकातली सगळी वाक्यं बोलत होता.

 मग शोभाताईंनी हळूच विचारलं, "एकदम कुठून देऊ?"

"एकदम कोण मागतंय? दरमहा पाचशे."

"अहो, सात वर्षं लागतील!"

"मग राहा सात वर्षं."

पलीकडून हसू आलं की हुंदका, ते मला कळलं नाही. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. मग त्या म्हणाल्या, "पावती लागेल हं मला. दर महिन्याला."

"मिळेल. सहीनिशी."

"मग कबूल."

काका खुर्चीत बसले आणि कॉम्प्युटरकडे वळले. येणं असलेलं भाडं हातात आलं नसलं तरी त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी बारा महिन्यांचं भाडं लिहिलं. बारा महिन्यांचा कर आता बरोबर बसला. दोन्ही मीटर एक आकडा दाखवायला लागले. तो फुगलेला रिफंड कायद्याने त्यांचा झाला होता. "यातून न्हाणीघराची गळती काढून घेऊ," ते पुटपुटले. "ते मालकाचं काम."

मी फोन बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. शोभाताई, फोन ओट्यावर ठेवा जरा. नळ ठिबकतोय का, ऐकतो."

नळ ठिबकत नव्हता. कुकरची शिट्टी झाली. कोणीतरी लसूण ठेचत होतं. आतल्या खोलीतून निकमांनी पाणी मागितलं. काका खुबूसचे बारीक तुकडे करत ऐकत होते, आणि तेव्हा कुठे त्यांना भूक लागलेली दिसली.

"छान आहे का हो फ्लॅट?" मी विचारलं.

"असावा. मी राहिलेलो नाही त्यात."

"म्हणजे सुट्टीवर गेल्यावर?"

"लॉजवर उतरतो. घरी चहाला जातो, तासभर. त्यांचं घर आहे, रात्री कशी अडचण करायची?" मग जरा वेळाने म्हणाले, "शोभाताई यायच्या आधी बंद होतं, तेव्हा गेलो होतो एकदा राहायला. किल्ली लावली आणि परत काढली. आतून काही आवाजच येत नव्हता."

त्यांनी एसी बंद केला. आम्ही घाम पुसत बसलो. शेवटी जुन्या फोनची ती अशक्त टिंग झाली, काकांनी सहा आकडे टाकले आणि म्हणाले, "खलास."

दुसरा फोन मात्र चालूच होता. कुकरची तिसरी शिट्टी होत होती.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती मी विनंतीच्या सुरात करतो आहे एवढंच. यंदाचा रिटर्न स्वतः भरा. एजंटकडे फेकू नका. आकडा बदललेला दिसला तर वाढला म्हणून नाचू नका आणि घटला म्हणून शिव्या देऊ नका. तो का बदलला, ते शोधा. तुमच्या नावावर कर कोणी भरला, हे तिथे लिहिलेलं असतं. त्यात एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर त्याला फोन करा. आधी नळाची चौकशी करा. आणि बोलणं संपल्यावर लगेच फोन ठेवू नका.